ज्यांचे कागद नेहमी पूर्ण असतात

पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावात, एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेचे कॉन्करंट ऑडिट, म्हणजे वर्षभर चालू राहणारी हिशेबतपासणी, मी चार्टर्ड अकाउंटंट (सीए) म्हणून सलग सहा वर्षे केले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिजोरीच्या खोलीशेजारच्या टेबलावर माझे बस्तान असे आणि तेथून सगळे काउंटर दिसत. त्या काळातील एक सकाळ माझ्या मनातून गेलेली नाही. अकराच्या सुमारास सत्तरी ओलांडलेल्या एक आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आल्या. केवायसीची, म्हणजे खातेदाराची ओळख पटवणाऱ्या कागदपत्रांची, मुदत उलटून गेल्यामुळे त्यांचे खाते थांबवलेले होते. आधार कार्डावरच्या आणि पासबुकावरच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता, म्हणून बोटांचे ठसे घेऊन पडताळणी करायचे ठरले. पण जन्मभर दुसऱ्यांच्या रानात भांगलण करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्राने एकामागून एक दहाही बोटे नाकारली. "अंगठाच उमटंना बघा, बाई," असे त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि त्या स्वरात अपराधीपणा होता. त्यांना दाखला घेऊन सोमवारी परत येण्यास सांगण्यात आले. त्या एसटीने आल्या होत्या.

त्याच दिवशी माझ्या टेबलावर एका खासगी मर्यादित कंपनीच्या चालू खात्याची फाइल होती. खाते काही महिन्यांपूर्वी उघडलेले होते. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, मेमोरँडम (कंपनीच्या स्थापनेचा दस्तऐवज), संचालक मंडळाचा ठराव, जागेचा भाडेकरार, वीजबिल, संचालकांचे फोटो आणि ओळखपत्रे असे सर्व काही क्रमाने लावलेले होते आणि तपासणी यादीतील प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण होती. एका संचालकाचा पत्ता शेजारच्या शहरातील चाळीतल्या दोन खोल्यांचा होता आणि त्याची सही पाहताच कळत होते की ती केलेली नसून गिरवलेली आहे. पहिल्या तीन महिन्यांत त्या खात्यातून झालेली उलाढाल शाखेतील कित्येक जुन्या अडत्यांच्या वर्षभराच्या उलाढालीहून मोठी होती. सकाळी आरटीजीएसने रक्कम यायची, संध्याकाळपर्यंत तितकीच बाहेर जायची आणि रात्री खात्यात काही हजार रुपये उरायचे. आजींची केवायसी अपूर्ण होती आणि या कंपनीची पूर्ण होती.

काळ्या पैशाला पांढरा करण्याचा मार्ग रोखणारे आपले नियम मुळात चुकतात ते येथे, असे माझे मत त्या सकाळी तयार झाले आणि पुढच्या वर्षांत ते पक्के होत गेले. हे नियम कागद पूर्ण आहेत की नाहीत एवढे विचारतात. गरिबाचे कागद अपुरे असतात, कारण त्याचे आयुष्यच कागदावर कधी नीट उतरलेले नसते. ज्याला पैशाचा उगम लपवायचा आहे, त्याचे कागद मात्र चोख असतात, कारण ते त्याच कामासाठी, पैसे देऊन, जाणकाराकडून करून घेतलेले असतात. तो जाणकार बहुतेक वेळा माझ्याच व्यवसायातला असतो, आणि म्हणूनच हा विषय मला टाळता येत नाही.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगते. 1989 मध्ये पॅरिसच्या जी-7 शिखर परिषदेत फायनान्शिअल अॅक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ, ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या शिफारशी हाच जगभरच्या कायद्यांचा साचा ठरला. आपला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 चा असला तरी तो 1 जुलै 2005 पासून अमलात आला. बँकांकडून येणारे अहवाल घेण्यासाठी फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिट (एफआययू) त्याआधीच, नोव्हेंबर 2004 मध्ये, उभे राहिले होते. 2010 मध्ये भारत एफएटीएफचा सदस्य झाला. वर्तमानपत्रांत या कायद्याची बातमी येते ती बहुतेक अंमलबजावणी संचालनालयाने टाकलेल्या धाडीची, झालेल्या अटकेची किंवा नाकारलेल्या जामिनाची. या कायद्याचा दुसरा अर्धा भाग बँकेच्या काउंटरवर आणि आमच्यासारख्यांच्या कार्यालयांत रोज चालतो. त्याची बातमी होत नाही. मला बोलायचे आहे ते त्या अर्ध्या भागाबद्दल.

बँकेला दोन प्रकारचे अहवाल प्रामुख्याने पाठवावे लागतात. एक, दहा लाखांहून अधिक रोख व्यवहारांचा, तसेच महिनाभरात एकमेकांशी जोडलेल्या छोट्या रोख व्यवहारांची बेरीज दहा लाखांपलीकडे गेली तर त्यांचाही. हा अहवाल पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जातो. दुसरा संशयास्पद व्यवहाराचा, ज्याला सगळे एसटीआर म्हणतात. त्याला रकमेची मर्यादा नाही. पहिला अहवाल यंत्र करू शकते. दुसऱ्यासाठी कोणाला तरी संशय यावा लागतो, आणि संशय येण्यासाठी माणसे, त्यांचे धंदे आणि गावाची रीत माहीत असावी लागते.

त्या शाखेतले रोखपाल काका निवृत्तीला आलेले होते. एका दुपारी त्यांनी पैसे भरण्याच्या चार स्लिपा माझ्यासमोर ठेवल्या. चार वेगवेगळी खाती, चार वेगवेगळी नावे, प्रत्येक स्लिपवर रक्कम एकोणपन्नास हजारांच्या आसपास. एका दिवसात पन्नास हजारांहून अधिक रोख भरायची तर तेव्हा पॅन द्यावा लागे, त्यामुळे या आकड्याचे कारण कोणालाही समजले असते. काकांनी दाखवले ते त्यापलीकडचे होते. चारही स्लिपांवरच्या सातच्या अंकाला मधून आडवी रेघ होती आणि 'फक्त' हा शब्द चारही ठिकाणी एकाच झुकावाने लिहिलेला होता. "मॅडम, नावं चार आहेत, पण हात एकच आहे बघा," असे ते म्हणाले. नोटांची बंडले बांधलेली रबरबँडही एकाच रंगाची होती, हे त्यांनी जाता जाता सांगितले. बँकेच्या संगणकाने या चार खात्यांबाबत एकही अलर्ट दिलेला नव्हता. चारही खाती संगणकासाठी अनोळखी माणसांची होती आणि त्यांच्यातला दुवा फक्त काउंटरवर बसलेल्या माणसाला दिसत होता.

मी ऑडिटच्या शेऱ्यात जे लिहायचे ते लिहिले. त्यानंतर बँकेने काय केले हे मी येथे लिहू शकत नाही, कारण असा अहवाल गेला की नाही याची वाच्यता कायद्याने निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे; संबंधिताला सुगावा लागला तर पैसा दुसऱ्या दिवशी नाहीसा होईल. पण या गुप्ततेचा एक परिणाम असा होतो की खाली काम करणाऱ्याला आपला संशय खरा होता की खोटा हे कधीच कळत नाही. ते काका पुढे निवृत्त झाले. चाळीस वर्षे नोटा हाताळलेल्या माणसाची नजर हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा ऐवज आहे, आणि तिच्यापर्यंत परत काहीही पोहोचत नाही.

दुसऱ्या टोकाला, मुख्य कार्यालयात बसलेल्या प्रिन्सिपल ऑफिसरपुढे, म्हणजे हे अहवाल पाठवण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यापुढे, सॉफ्टवेअरने काढलेल्या अलर्टचा ढीग असतो. लग्नासाठी सोने मोडून भरलेले पैसे, उसाचे बिल जमा झाल्यावर एकदम काढलेली रोकड, जमीन विकल्यावर भावंडांत वाटलेले धनादेश, हे सगळे त्या ढिगात असते. प्रत्येक अलर्टसमोर काहीतरी कारण लिहून तो बंद करायचा असतो. छोट्या सहकारी बँकेत हाच अधिकारी वसुलीही पाहतो आणि वार्षिक सभेचीही तयारी करतो. तपासणीत आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून शंका नसलेल्या व्यवहाराचाही अहवाल पाठवून मोकळे व्हायचे, ही वृत्ती अशा दडपणातून येते. मग वर दिल्लीत ढीग वाढतो आणि त्यात खरा अहवाल बुडतो. माझी पहिली मागणी याच ठिकाणची आहे: बँकेचे मूल्यमापन पाठवलेल्या अहवालांच्या संख्येवर होऊ नये, आणि कोणते अहवाल तपासाला उपयोगी पडले, कोणत्या प्रकारचे पडले नाहीत, याची नावे वगळून तयार केलेली माहिती शाखेतल्या कर्मचाऱ्यापर्यंत, त्याच्या भाषेत, नियमितपणे यावी. एफआययू मार्गदर्शनपर सूचना आणि धोक्याच्या खुणा प्रसृत करते. पण त्या मुख्य कार्यालयाच्या ईमेलमध्ये राहतात, काउंटरपर्यंत उतरत नाहीत.

रिझर्व्ह बँक सहकारी बँकांना करीत असलेल्या दंडाची प्रसिद्धिपत्रके मी नियमाने वाचते. त्यांत दोन कारणे पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे खातेदारांच्या जोखीम वर्गीकरणाचा सहा महिन्यांतून एकदा आढावा घेण्याची व्यवस्था नसणे, आणि दुसरे म्हणजे केवायसीची माहिती मध्यवर्ती नोंदवहीत वेळेवर न चढवणे. दोन्ही चुका खऱ्या आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. तरीही देशातील नागरी सहकारी बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश बँका ज्या राज्यात आहेत, त्या महाराष्ट्राला सप्टेंबर 2019 मध्ये जे दिसले ते याहून फार वेगळे होते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर 23 सप्टेंबरला निर्बंध आले, ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले, आणि मग तपासात बाहेर आले की एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे झाकण्यासाठी 21 हजारांहून अधिक काल्पनिक कर्जखाती दाखवली गेली होती. कर्जदार माणसेच अस्तित्वात नव्हती, पण तपासणीसाठी सादर होणाऱ्या यादीत त्यांची नावे होती. त्या बँकेतील ठेवीदारांमध्ये माझ्या ओळखीची दोन कुटुंबे होती, आणि त्यातल्या एका घरातील आजारी माणसाच्या औषधांसाठी नातेवाइकांकडे हात पसरावे लागले, हे मी जवळून पाहिले आहे. केवायसीचा विषय निघाला की ज्यांना तो निव्वळ कागदी त्रास वाटतो, त्यांना मी ही आठवण करून देते. नियम कडक हवेतच. प्रश्न ते कोणाकडे रोखलेले आहेत हा आहे.

आता खऱ्या मालकाबद्दल. मार्च 2023 मध्ये नियमांत बदल होऊन कंपनीतील बेनिफिशियल ओनर, म्हणजे कागदावरच्या नावांमागचा खरा मालक, ओळखण्यासाठीची मर्यादा 25 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणली गेली. ही सुधारणा मी मनापासून चांगली मानते. कंपनी कायद्यातही कलम 90 खाली 10 टक्क्यांहून कमी नसलेला हितसंबंध असणाऱ्याने स्वतःला जाहीर करायचे असते. पण शाखेत हे कसे होते? कंपनीचा माणूस एका छापील नमुन्यावर खऱ्या मालकाचे नाव लिहून देतो आणि बँक तो नमुना फाइलला लावते. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असे कायदा सांगतो, त्याच्याच तोंडून मालकाचे नाव विचारले जाते आणि तेच अंतिम धरले जाते. तीन कंपन्यांचे थर असतील आणि सगळ्यात वर एखादा परदेशी भागधारक असेल, तर शाखाधिकाऱ्याने ते शोधायचे कसे? कंपनी मंत्रालयाकडे कलम 90 खाली आलेली माहिती आणि बँकेकडे केवायसीत आलेली माहिती यंत्रानेच एकमेकींशी ताडून पाहिली आणि विसंगती दिसताच बँकेला सूचना गेली, तर हे काम एका दिवसात कितीतरी सोपे होईल. दोन्ही माहित्या सरकारच्या नियमांखालीच गोळा होतात. 2017 मध्ये दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली, तेव्हा अशी नावे किती सहज तयार होतात हे देशाला कळले होते. त्यानंतरही नोंदणीच्या वेळी 'हा संचालक कोण आहे' हे कोणी प्रत्यक्ष विचारत नाही.

राजकीय व्यक्तींबाबतची तरतूद तर मला सहकारी बँकेत बसून विशेष जाणवते. 2023 मध्ये नियमांत आलेल्या व्याख्येप्रमाणे विशेष काळजीने हाताळायच्या राजकीय व्यक्ती म्हणजे परदेशाने महत्त्वाच्या सार्वजनिक पदावर नेमलेल्या व्यक्ती. आमच्या तालुक्याच्या शाखेत परदेशाचा मंत्री खाते उघडायला कधी येणार आहे? तेथे येतात ते जिल्ह्यातले पदाधिकारी, त्यांचे भाऊ, पुतणे, त्यांच्या संस्थांचे व्यवस्थापक, आणि बँकेच्या संचालक मंडळात बसलेली माणसेही त्याच वर्तुळातली असतात. बढती ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या पुतण्याला शाखाधिकाऱ्याने 'हे पैसे कुठून आले' असे विचारावे, ही अपेक्षा नियमाचे पाठबळ नसताना करणे अन्यायाचे आहे. एफएटीएफने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या मूल्यमापनात देशाला 'नियमित पाठपुरावा' या वरच्या गटात ठेवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच अहवालात देशांतर्गत राजकीय व्यक्तींचा हा मुद्दा आहे, बिगर-वित्तीय व्यवसायांवरील देखरेख वाढवण्याची सूचना आहे आणि खटले निकाली निघण्यास लागणाऱ्या विलंबावर बोट ठेवलेले आहे.

त्या बिगर-वित्तीय व्यवसायांत आम्ही येतो. 3 मे 2023 च्या अधिसूचनेने प्रॅक्टिस करणारे सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांना काही ठराविक कामांसाठी या कायद्याखाली आणले. अशिलाच्या वतीने स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री करणे, त्याचा पैसा, रोखे किंवा इतर मालमत्ता सांभाळणे, त्याची बँक खाती चालवणे, कंपनीसाठी निधी उभारण्याची व्यवस्था करणे, आणि कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा ट्रस्ट स्थापन करणे, चालवणे, विकणे वा विकत घेणे, ही ती कामे आहेत. ऑडिट आणि विवरणपत्रे भरणे त्यात नाही. अधिसूचना निघाली त्या आठवड्यात आमच्या स्टडी सर्कलची सभा खचाखच भरली होती, आणि मला त्या सभेतील भीती आठवते. ती अनाठायी नव्हती. या कायद्यात जामिनाच्या अटी किती कठोर आहेत, आणि जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजय मदनलाल चौधरी प्रकरणात त्या ग्राह्य धरल्या, हे सर्वांना ठाऊक होते. अहवाल न दिल्याचा दंड वेगळा आहे, दर कसुरीला दहा हजार ते एक लाख रुपये. आणि प्रामाणिकपणे अहवाल देणाऱ्याला कलम 14 चे संरक्षण आहे. पण घाबरलेला माणूस कलमांतला फरक पाहत नाही. दोन आर्टिकल (शिकाऊ सीए) आणि एक टायपिस्ट यांच्यावर कार्यालय चालवणाऱ्या तालुक्याच्या सीएला मोठ्या शहरातील शेकडो भागीदारांच्या संस्थेसारखीच यंत्रणा उभारायला सांगितले, तर तो एक तर ते काम सोडेल किंवा कागद रंगवेल. म्हणून कार्यालयाचा आकार आणि कामाचे स्वरूप पाहून जबाबदारी ठरावी, साधा मराठी नमुना असावा आणि शंका आली तर विचारायला नाव सांगून उत्तर देणारा अधिकारी असावा, असे मला वाटते.

एवढे म्हटल्यावर आता जे आमच्या व्यवसायातील अनेकांना रुचणार नाही ते म्हणते. आम्हाला या कायद्याखाली आणले हे योग्य झाले, आणि ते अर्धवट झाले. कोणतीही बोगस कंपनी स्वतःहून जन्माला येत नाही. तिचे नाव कोणीतरी राखून ठेवते, मेमोरँडम कोणीतरी लिहिते, पत्ता कोणीतरी देते, संचालक म्हणून ड्रायव्हरची किंवा ऑफिसातल्या शिपायाची सही कोणीतरी घेते. बँकेपुढे कागद येतात तेव्हा खूप उशीर झालेला असतो. खऱ्या माणसाला समोर बसवून बोलणारा पहिला व्यावसायिक आमच्यातला असतो. 9 मे 2023 ची दुसरी अधिसूचना कंपनी स्थापन करून देणाऱ्यांना, नोंदणीकृत पत्ता पुरवणाऱ्यांना आणि दुसऱ्यासाठी संचालक किंवा भागधारक म्हणून उभे राहणाऱ्यांना कायद्याखाली आणते. पण तिच्यातच एक अपवाद आहे: कंपनी कायद्याच्या कलम 7 खाली नोंदणीच्या वेळचे घोषणापत्र दाखल करण्यापुरते काम करणारा वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी यातून वगळलेला आहे. कंपनी जन्माला येताना ज्या सहीची गरज असते, नेमकी तीच सही मोकळी सोडलेली आहे. हा अपवाद काढावा किंवा निदान सही करणाऱ्याने प्रत्येक संचालकाशी स्वतः बोलल्याची नोंद ठेवावी, एवढे तरी व्हायला हवे. गुप्ततेची सबब येथे टिकत नाही, कारण आमच्या शिस्तीच्या नियमांतही कायद्याने आवश्यक असेल तेथे माहिती देण्यास मोकळीक आहे.

वकिलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बचावासाठी आलेल्या माणसाने वकिलाला निर्धास्तपणे सर्व सांगता आले पाहिजे, आणि 2025 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवल्यावर जो क्षोभ झाला तो रास्त होता; त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने अशा समन्सवर स्पष्ट मर्यादा घातल्या. मात्र जमिनीचे खरेदीखत करून देणे, अशिलाची रक्कम आपल्या खात्यातून फिरवणे किंवा ट्रस्ट उभारून देणे हे काम न्यायालयातल्या बचावाचे नाही. सीएने केले तर अहवालाची जबाबदारी आणि वकिलाने केले तर नाही, अशी रचना असेल, तर काम कोणाकडे जाईल हे सांगण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा करून वकील, लेखापाल आणि मालमत्ता दलाल यांना 1 जुलै 2026 पासून एकत्रच या चौकटीत आणायचे ठरवले, आणि एफएटीएफच्या शिफारशींतही व्यावसायिक गुप्ततेसाठी जागा राखूनच वकिलांचा समावेश आहे.

देखरेख कोणी करावी, यावरही मी बराच विचार केला आहे. सीएंच्या आमच्या इन्स्टिट्यूटबद्दल मला आदर आहे, तरीही जिच्या कौन्सिलवर बहुतांश माणसे सभासदांनी निवडून दिलेली असतात, त्या संस्थेने सभासदांवर या बाबतीत कठोर राहावे, ही अपेक्षा जरा जड आहे. ब्रिटनमध्ये हे काम बावीस व्यावसायिक संस्थांमध्ये विखुरलेले होते आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तेथील सरकारने ते फायनान्शिअल कंडक्ट अथॉरिटी या एकाच नियामकाकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे नियामक एकच असावा असा माझा आग्रह नाही. पण वर्षाला थोड्या का होईना, चिठ्ठी टाकून निवडलेल्या कार्यालयांची तपासणी बाहेरच्या माणसाने करावी, असे मला ठामपणे वाटते.

आजींसारख्यांच्या बाजूने मात्र अलीकडे काही चांगले घडले आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अॅसिड हल्ल्यामुळे डोळ्यांची उघडझाप करू न शकणाऱ्या स्त्रीच्या याचिकेवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची पद्धत सर्वांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने कमी जोखमीच्या व्यक्तींच्या खात्यांवरील व्यवहार केवायसीची मुदत उलटली म्हणून लगेच थांबवू नयेत, त्यांना वर्षभराची किंवा 30 जून 2026 पर्यंतची, यांपैकी जी नंतरची असेल ती मुदत द्यावी, आणि मुदतीपूर्वी किमान तीन सूचना, त्यांतली एक पत्राने, पाठवाव्यात, असे सांगितले. गावातल्या बँक मित्राकडेही, म्हणजे बँकेच्या गावातील प्रतिनिधीकडेही, आता माहिती अद्ययावत करता येते. दीड हजार रुपयांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यावर बँकेने खर्च केलेला प्रत्येक तास त्या कंपनीच्या फाइलवर खर्च व्हायला हवा होता, आणि या सूचनांमुळे तसे होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे. आपले खाते दरमहा काही हजारांच्या बदल्यात दुसऱ्याला वापरायला देणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा प्रश्न मोठा होत असताना तर हे तास फारच मोलाचे आहेत.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गृहस्थ कंपनी नोंदवून घ्यायला आले. सोबत दोन तरुण होते. ते संचालक होणार होते. मी त्या दोघांना विचारले की कंपनी काय करणार आहे. दोघांनीही गृहस्थांकडे पाहिले. भांडवल कोण घालणार, बँकेचे खाते कोण चालवणार, हेही विचारले. उत्तरे गृहस्थांनीच दिली. मी त्यांना सांगितले की या दोघांशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय मी घोषणापत्रावर सही करणार नाही. ते शांतपणे उठले, "बघतो, मॅडम," असे म्हणाले आणि गेले. पंधरा दिवसांनी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर मला तेच नाव नोंदलेले दिसले. पत्ता आमच्याच रस्त्यावरचा होता. ज्याने कोणी सही केली, त्याचे काम घोषणापत्रापुरतेच असेल तर तो या कायद्याखाली येत नाही. माझे कामही तेवढेच असणार होते, त्यामुळे मी हे कोणाला कळवायला बांधील नव्हते.